रात्रीची पाळी कुणाची?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. सकाळी आम्ही कार्यालयाला निघण्याच्या तयारीत होतो आणि आमची भाची दारात येऊन उभी राहिली. उजव्या कोपरातून रक्त येत होते, गुडघ्यावर सलवार फाटली होती, रडू कसेबसे आवरून धरलेले. घरी परतताना तिची स्कूटर दुभाजकाला घासली होती. पाऊस नव्हता, खड्डा नव्हता, समोरून कोणी आडवे आले नव्हते. तिला क्षणभर डुलकी लागली होती, एवढेच.

आमच्या सहचारिणीने तिला बसवले, जखम धुतली, चहा दिला आणि एकच प्रश्न विचारला, "रात्री किती झोपलीस?"

"मामी, पोरगी चारदा उठली. अकराला, एकला, अडीचला आणि चारला. पाचला मी नदीवर निघाले."

भाचीची मुलगी तेव्हा आठ महिन्यांची होती. भाची नदीवर कशासाठी जाते, हे वाचकांना सांगितले पाहिजे. ती नौका वल्हवते. हौस म्हणून नव्हे, स्पर्धेसाठी. कॉलेजात असताना तिला हा खेळ लागला. तिची आई, म्हणजे आमची थोरली बहीण, त्या वेळी म्हणाली होती, "आपल्या सात पिढ्यांत कोणी होडीत बसलं नाही, ही कुठं निघाली?" पण पोरीने पदके आणली. पुढे नोकरी लागली, लग्न झाले, मूल झाले. खेळ सुटला असे सगळ्यांनी गृहीत धरले. तिने मात्र धरले नव्हते. पाच महिन्यांनी राज्य संघाची निवड चाचणी होती आणि तिला ती द्यायची होती.

त्या सकाळी चहा पिता पिता ती म्हणाली, "मामा, मेहनत मी करते. मला फक्त चार तास सलग झोप द्या."

हे मागणे आमच्या मनाला लागले. कारण आपल्या घरात कष्टाचे कौतुक होते, शिक्षणाचे होते, पदकाचेही होते. झोपेचा विचार कोणी करीत नाही. आज त्याविषयी लिहायचे आहे.

पाठ फिरवून पुढे जाण्याचा खेळ

रोइंग म्हणजे नौका वल्हवण्याची शर्यत. या खेळात खेळाडू ज्या दिशेने जातो त्या दिशेला पाठ करून बसतो. बसायची फळी चाकांवर मागेपुढे सरकते. बघणाऱ्याला वाटते, सारे काम हातांचे आहे. प्रत्यक्षात जोर पायांचा असतो. पायांचा रेटा पाठीतून हातात आणि हातातून वल्ह्यात जातो. ऑलिंपिकमध्ये शर्यत २००० मीटरची असते. नौकेच्या प्रकाराप्रमाणे ती साधारण साडेपाच ते आठ मिनिटांत संपते, आणि तेवढ्या वेळात माणूस छाती फुटेपर्यंत दमतो. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांसाठी हा खेळ आला तोच मुळी १९७६ साली, आणि तोही निम्म्या अंतराचा. पुरुषांइतके २००० मीटर अंतर स्त्रियांना मिळायला १९८८ साल उजाडले.

पुण्याला हा खेळ परका नाही. अभियांत्रिकी महाविद्यालयाचा 'रिगाटा' हा नदीवरचा उत्सव १९२८ पासूनचा. आमच्या घरापासून हॅरिस पूल ओलांडला की दापोडी, आणि तिथल्या सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालयात लष्कराचे रोइंग केंद्र आहे. नाशिक जिल्ह्यातील चांदवड तालुक्याचा दत्तू भोकनळ याच लष्करी वाटेने पुढे आला. वडिलांबरोबर विहिरी खोदणारा, पेट्रोल पंपावर काम करणारा हा मुलगा २०१२ साली लष्करात भरती झाला. त्याआधी त्याने हा खेळ पाहिलाही नव्हता. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तो एकेरी शर्यतीत तेरावा आला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेत त्याने सुवर्णपदक जिंकले.

दत्तूची जिद्द मोठीच. पण एक गोष्ट लक्षात घ्यावी. लष्कराने त्याला खेळ शिकवला, तसेच वेळेवर जेवण, वेळेवर झोप आणि सरावाला मोकळा वेळही दिला. खेळाडूचा निम्मा भार संस्थेने उचलला होता. भाचीच्या पाठीशी अशी संस्था नव्हती. तिच्यापाशी नोकरी होती, तान्हे मूल होते आणि पहाटेची नदी होती.

पहाटच का? तर वारा पडलेला असतो आणि पाणी स्थिर असते म्हणून. उजाडताना पाण्यावर असायचे तर पाचला घर सोडावे लागते. आणि तान्हे मूल नेमके रात्री दोन ते चारमध्ये आईला उठवते. आईपण आणि हा खेळ यांची गाठ पडते ती नेमकी झोपेच्या वेळी.

१ ऑगस्टचा दिवस

१ ऑगस्ट म्हटले की आपल्याला लोकशाहीर अण्णाभाऊ साठे यांची जयंती आठवते. २०२४ साली त्याच तारखेला पॅरिस ऑलिंपिकमध्ये एक शर्यत झाली. दोघींच्या नौकेची, प्रत्येकीच्या हाती दोन वल्ही. सुवर्णपदक न्यूझीलंडच्या लुसी स्पूर्स आणि ब्रुक फ्रान्सिस यांनी जिंकले. या दोघींनाही २०२२ साली मूल झाले होते. त्याच शर्यतीत कांस्यपदक मिळवणाऱ्या ब्रिटनच्या जोडीतील मॅथिल्डा हॉजकिन्स-बर्न हिलाही २०२२ सालीच मुलगा झालेला. म्हणजे पदके घेणाऱ्या सहा जणींपैकी तिघी, दोन वर्षांच्या आसपासच्या मुलांच्या आया होत्या!

त्याच दिवशी चौघींच्या नौकेत ब्रिटनला रौप्यपदक मिळाले. सुवर्ण हुकले ते सेकंदाच्या पाचव्या भागापेक्षाही कमी फरकाने. त्या नौकेत हेलन ग्लोव्हर होती. वय ३८, तीन मुलांची आई. तिची हकीकत आमच्या भाचीला तोंडपाठ आहे आणि ती सांगण्यासारखी आहे.

हेलन ही शाळेत शारीरिक शिक्षण शिकवणारी बाई. २००८ साली उंच, दणकट तरुण-तरुणींचा शोध घेणाऱ्या एका मोहिमेतून ती या खेळात आली. चारच वर्षांनी, १ ऑगस्ट २०१२ रोजी, लंडन ऑलिंपिकमध्ये हीदर स्टॅनिंगबरोबर तिने सुवर्णपदक जिंकले. त्या स्पर्धेतले ब्रिटनचे ते पहिले सुवर्ण. २०१६ ला रिओमध्ये पुन्हा सुवर्ण. मग तिने खेळ थांबवला. २०१८ साली मुलगा झाला, २०२० च्या जानेवारीत जुळी झाली.

दोनच महिन्यांत करोनाची टाळेबंदी आली. घरात दीड वर्षाचे एक आणि पाळण्यात दोन. हेलनने घरातल्या रोइंग मशीनवर व्यायाम सुरू केला. मुले झोपली की मशीनवर बसायचे, उठली की उतरायचे. सरावाची वेळ घड्याळ ठरवत नव्हते, बाळे ठरवत होती. यातून अंगात बळ परत आले आणि मनात विचार आला, की आई झाल्यानंतर ऑलिंपिकच्या ब्रिटिश रोइंग संघात आजवर कोणी आलेले नाही, ते आपण करून पाहावे. एप्रिल २०२१ मध्ये पॉली स्वानबरोबर तिने युरोपीय विजेतेपद मिळवले. ही पॉली डॉक्टर. करोनाकाळात ती रुग्णालयात काम करत होती. त्या उन्हाळ्यात टोकियोत ही जोडी चौथी आली. पदक थोडक्यात गेले. पण जी वाट नव्हती ती वाट पडली.

ही हकीकत ऐकून आम्ही भारावून गेलो होतो. पण आमच्या सहचारिणी म्हणाल्या, "ती मशीनवर बसली तेव्हा मुलं झोपलेली होती, ते खरं. पण उठली तर घ्यायला कोणी होतं की नाही, ते विचारा की!"

प्रश्न बरोबर होता. या सर्व खेळाडूंच्या मागे नवरा आहे, घरची माणसे आहेत, पगार किंवा मानधन आहे, डॉक्टर आहेत. त्यांचे कष्ट त्यामुळे कमी ठरत नाहीत. पण केवळ त्यांच्या जिद्दीचे चित्र आपल्या मुलींपुढे ठेवले आणि मागचा आधार सांगितला नाही, तर आपण मुलींना फसवतो. तिला जमते, तुला का जमत नाही, असे म्हणायला आपण मोकळे होतो.

झोपेचे कर्ज

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. हिशेबाच्या भाषेत बोलायचे तर झोप ही न फेडता राहिलेल्या कर्जासारखी आहे. ते बुडत नाही, साठत जाते. मोठ्या माणसाला रोज सात तास किंवा अधिक झोप लागते. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात झालेला एक प्रयोग २००३ साली प्रसिद्ध झाला. माणसांना सलग दोन आठवडे रोज सहा तास किंवा त्याहून कमी झोपू दिले. शेवटी त्यांची एकाग्रता एक ते दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतकी घसरली होती. आणि गंमत म्हणजे त्यांना स्वतःला ते फारसे जाणवत नव्हते. "मला सवय झाली आहे" असे सांगणारा माणूस खोटे बोलत नसतो. त्याला खरेच कळत नसते.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. सतरा ते एकोणीस तास सलग जागा असलेला माणूस, रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतका मंद होतो, असे २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले. आपल्या देशात वाहन चालवणाऱ्याच्या रक्तात ०.०३ टक्क्यापेक्षा जास्त दारू सापडली तर तो गुन्हा. म्हणजे रात्रभर बाळाला घेऊन येरझारा घालणारी आई सकाळी स्कूटर काढते, तेव्हा एका अर्थी ती दारू न पिता झिंगलेली असते. आमची भाची कोपरावर निभावली. सगळ्या निभावतातच असे नाही.

खेळाडूचे तर झोपेवाचून दुहेरी नुकसान. शरीर घडते ते सरावाच्या वेळी नव्हे, सरावानंतरच्या विश्रांतीत. गाढ झोपेतच वाढीचे संप्रेरक सर्वांत जास्त स्रवते, दमलेले स्नायू दुरुस्त होतात. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातील बास्केटबॉल खेळाडूंना काही आठवडे जास्त झोपायला लावले, तर त्यांची धाव वेगवान झाली आणि नेमबाजी सुधारली. हे खेळाडू अकराच होते, तेव्हा त्यावरून फार मोठा निष्कर्ष काढू नये. पण झोप वाढवून खेळ सुधारतो, हे ऐकून आपल्या तालमीतल्या वस्तादांनी कान टवकारायला हवेत.

त्यात भाची अंगावर पाजणारी. पहिल्या सहा महिन्यांत पाजणाऱ्या आईला रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात, पुढच्या सहा महिन्यांतही ५०० च्या वर. त्यावर नौका वल्हवायची. खाणे अपुरे, झोप अपुरी आणि मेहनत दुप्पट, असे झाले की हाडे दुखावतात. वल्हवणाऱ्यांच्या बरगडीला बारीक चीर पडणे ही या खेळातली नेहमीची दुखापत आहे. म्हणून बाळंतपणानंतर सराव सुरू करायचा तो डॉक्टरांना विचारून आणि हळूहळू, हे आधी सांगून ठेवतो.

आमचा कबुलीजबाब

येथपर्यंत लिहिणे सोपे होते. आता अवघड भाग.

भाचीचे मागणे आम्हाला लागले त्याचे कारण आमच्याच घरात आहे. आमची दोन्ही मुले तान्ही होती तेव्हा आम्ही कोठे होतो? दिवसा कार्यालयात आणि रात्री सभेत. वस्तीतील अभ्यासिकेची बैठक, जयंतीची वर्गणी, कुणाचा रेशनकार्डाचा अर्ज, कुणाचे पोलीस ठाण्यातले प्रकरण. घरी यायला अकरा-साडेअकरा. आल्यावर आम्ही गाढ झोपत असू. रात्री मूल रडले तर कूस बदलत असू. सकाळी भाषणात स्त्री-पुरुष समतेवर बोलत असू.

आमच्या सहचारिणींनी त्या वर्षांत शिवणकाम करून घराला हातभार लावला. एकदा मशीनची सुई त्यांच्या बोटातून आरपार गेली. आम्ही त्यांना "लक्ष कुठं होतं?" असे विचारले. लक्ष कुठे असणार? त्या आदल्या तीन रात्री झोपल्या नव्हत्या. मूल तापाने फणफणले होते आणि आम्ही शिबिराला गेलो होतो.

भाचीच्या कोपराची जखम धुताना त्यांनी आमच्याकडे एकदा पाहिले. बोलल्या काहीच नाहीत. वीस वर्षांपूर्वीची ती सुई आम्हा दोघांनाही त्या क्षणी आठवली असावी.

हा दोष आमच्या एकट्याचा नाही, असे म्हणून आम्ही सुटणार नाही. तरी आकडे पाहावेत. केंद्र सरकारने २०१९ साली देशभर लोकांच्या वेळेची पाहणी केली. बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जात होता. घरकामात हात घालणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे. आणि असे पुरुष मुळात थोडेच होते. परदेशातही फार वेगळे नाही. जर्मनीतील हजारो आईबापांच्या झोपेचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत आईची झोप दररोज सुमारे एक तासाने कमी झाली होती आणि बापाची सुमारे पाव तासाने. पहिले मूल सहा वर्षांचे झाले तरी आईबापांची झोप पूर्वीसारखी झालेली नव्हती.

एक तास आणि पाव तास! मूल दोघांचे, पण रात्र एकटीची.

वेळापत्रक आणि त्यातली चूक

त्या रविवारी आम्ही भाचीच्या घरी गेलो. जावई एका कारखान्यात दुसऱ्या पाळीला असतात, रात्री बाराला घरी येतात. विहीणबाई चार घरची धुणीभांडी करतात. सगळे एका खोलीत बसलो आणि वहीवर रेघा ओढल्या. कारकुनाला तेवढे येते.

ठरले ते असे. भाचीने रात्री नऊला झोपायचे. बारापर्यंत बाळ विहीणबाईंजवळ. जावई आले की बारा ते साडेतीन त्यांची पाळी. कारखान्यातून आल्यावर त्यांना लगेच झोप येतच नव्हती. भाचीने संध्याकाळी दूध काढून स्वच्छ भांड्यात झाकून फ्रिजमध्ये ठेवायचे आणि जावयांनी ते कोमट करून वाटी-चमच्याने पाजायचे. साडेतीनला भाची उठेल, अंगावर पाजेल, पाचला नदीवर जाईल. जावई साडेतीनला झोपतील ते दहापर्यंत. पाच ते आठ बाळ पुन्हा विहीणबाईंकडे.

आम्ही खूश झालो. आमच्या सहचारिणींनी वही हातात घेतली, बोटाने तास मोजले आणि म्हणाल्या, "म्हणजे सुनेची झोप वाचली आणि सासूची गेली. या बाईंनी बारा ते पाच झोपून दिवसभर लोकांची भांडी घासायची?"

विहीणबाई म्हणाल्या, "असू द्या हो ताई, मला सवय आहे."

वाचकहो, "मला सवय आहे" या वाक्याचा अर्थ आपण वर पाहिला आहे. घरातील एका बाईची झोप वाचवायची म्हणजे ती दुसऱ्या बाईच्या अंगावर टाकायची, ही आपली जुनी पद्धत. सून सुटते ती सासूच्या जिवावर, सासू सुटते ती नणंदेच्या, आणि शाळेत जाणारी थोरली पोर तर सर्वांच्या हक्काची. अशाने समता येत नाही, ओझे फक्त खांदा बदलते.

मग पुन्हा रेघा ओढल्या. नदीवरचा सराव सहा दिवसांवरून चार दिवसांवर आणला. त्या चारपैकी दोन पहाटे विहीणबाईंच्या आणि दोन आमच्या. होय, आमच्या. आम्ही पहाटे पावणेपाचला हॅरिस पूल ओलांडून दापोडीला जाऊ लागलो. पहिल्या दिवशी नात आमच्या खांद्यावर अशी काही रडली की शेजारी उठले. तिसऱ्या आठवड्यात तिला आमच्या चष्म्याचा लळा लागला. या वयात आम्ही लंगोट बदलायला शिकलो. आमच्या मुलांना हे कळले तेव्हा थोरला म्हणाला, "बाबा, आमच्या वेळी कुठं होता?" तो हसत म्हणाला, पण म्हणाला.

सरावातही बदल करावा लागला. तिच्या प्रशिक्षकांनी आधी सांगितले होते, "मूल झालं, आता घर सांभाळ." तिने ऐकले नाही तेव्हा, "मग इतरांइतकंच केलं पाहिजे," असे म्हणाले. भाचीने त्यांच्यापुढे झोपेची वही ठेवली. रोज रात्री किती तास मिळाले, किती वेळा उठली, सकाळी नाडीचे ठोके किती. काही आठवड्यांनी त्यांनाही दिसू लागले की वाईट रात्रीनंतरचा जोरकस सराव वाया जातो, उलट पाठ दुखते. तेव्हा नियम ठरला. पाच तासांपेक्षा कमी झोप झाली तर त्या दिवशी हलके वल्हवायचे किंवा नुसते चालायचे. स्कूटर बंद, बसने किंवा कोणाच्या मागे बसून जायचे. दुपारी तीननंतर चहा नाही. दुपारी कार्यालयात जेवणाच्या सुटीत वीस मिनिटे डोळे मिटायचे. कोणी हसले तर हसू द्यायचे.

हे घरापुरते नाही

कोणी म्हणेल, हे घरातले प्रश्न आहेत, घरात सोडवावेत. आम्हाला ते मान्य नाही. १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाचे विधेयक आले तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. प्रसूतीच्या आधी आणि नंतर कामगार आईला विश्रांती मिळणे हे साऱ्या राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार सरकारनेही उचलला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ साली तो कायदा झाला. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली. पण विहीणबाईंसारख्या धुणीभांडी करणाऱ्या बाईला त्यातले काय मिळाले? त्यांच्या तिन्ही बाळंतपणांत त्या महिनाभरात कामावर होत्या.

खेळातही तेच. टोकियो ऑलिंपिकच्या वेळी करोनाच्या नियमांमुळे अंगावरचे मूल बरोबर नेण्यास आधी मनाई होती. खेळाडू मातांनी आवाज उठवला तेव्हा २०२१ च्या जूनमध्ये परवानगी मिळाली. २०२४ ला पॅरिसच्या क्रीडाग्रामात प्रथमच बाळांसाठी खोली झाली. मागितले म्हणून मिळाले. आपल्याकडे वस्तीतील व्यायामशाळेत, क्रीडा मंडळात, अभ्यासिकेत बाळ ठेवायला एक कोपरा का नसावा? सतरंजी, पाळणा आणि पाळीने बसणारी दोन माणसे लागतात. आमच्या मंडळाने अभ्यासिकेत तसा कोपरा सुरू केला आहे. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या दोन तरुण आया तिथे मुले ठेवून मैदानावर जातात. पाळीच्या यादीत पुरुषांची नावे आधी लिहायची, असा आमचा नियम आहे.

चाचणीचा दिवस

डिसेंबरात भाचीची निवड चाचणी झाली. निवड तिघींची व्हायची होती, ती चौथी आली. मशीनवरची तिची वेळ बाळंतपणाआधीच्या वेळेपेक्षा अजून थोडी कमी पडते. आम्ही काठावर उभे होतो, नात आमच्या खांद्यावर झोपलेली. नौका काठाला लागली तेव्हा भाची बराच वेळ तशीच बसून राहिली. मग उतरली, मुलीला घेतले आणि म्हणाली, "मामा, शेवटचे पाचशे मीटर माझ्यात जोर होता. आधी तिथं अंधारी यायची."

या वर्षी ती पुन्हा चाचणी देणार आहे. निवड होईल की नाही, ते पाणी ठरवील. पण जुलैनंतर तिची स्कूटर कुठे घासली नाही, बाळाचे वजन वाढले, जावयांना अंगाई येऊ लागली आणि विहीणबाई आठवड्यातून पाच पहाटे निवांत झोपतात. एवढे आमच्या वहीत जमेच्या बाजूला आहे.

नावेच्या बाजूला एक नोंद राहिली आहे, वीस वर्षांपूर्वीची. ती आता फिटणार नाही. म्हणून तरुण बापांना सांगणे एवढेच की आज रात्री बाळ रडेल तेव्हा कूस बदलू नका. उठा. सभा उद्याही होईल.